फुफ्फुसाचा कर्करोग आणि पांढऱ्या पेशी : काउंट वाढला म्हणजे शरीर लढतंय का?

जुईली_प
नमस्कार. धागा आरोग्य विभागात काढतेय, जागा चुकली असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझ्या मावशीला (वय ६१) फुफ्फुसाच्या कर्करोगाचं निदान झालंय. बायोप्सीत ॲडेनोकार्सिनोमा (फुफ्फुसाच्या कर्करोगाचा एक प्रकार) आलाय. बाईने जन्मात सिगरेटला हात लावलेला नाही. पुढच्या तपासण्यांचे रिपोर्ट यायचेत. मधल्या काळात सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) केली, त्यात पांढऱ्या पेशी १९,४००. त्यात न्यूट्रोफिल ८४ टक्के, लिम्फोसाइट ९ टक्के (दोन्ही पांढऱ्या पेशींचेच प्रकार). ताप नाही, थुंकी-लघवीच्या तपासण्यांत जंतू नाहीत.

यावरून घरात दोन तट पडलेत. मामेभाऊ म्हणतो, पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक, काउंट वाढला म्हणजे शरीर लढतंय, चांगलंच आहे. काका म्हणतात, कॅन्सर रक्तात उतरला. डॉक्टर एवढंच म्हणाले की "त्याचं आत्ता टेन्शन घेऊ नका". शिवाय बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये शेवटी एक ओळ आहे : गाठीच्या कडेला लिम्फोसाइट दिसतात. ते चांगलं की वाईट, कोणी सांगितलं नाही.

उपचार विचारत नाहीये, ते डॉक्टर बघताहेत. फक्त या पेशी तिथे नेमकं काय करतात हे समजून घ्यायचंय.

रानवारा
मावशींना लवकर आराम पडो. वाचतोय. इथे कोणी जाणकार नक्की सांगेल.

काचपट्टी
पॅथॉलॉजीत काम करते, त्यामुळे दोन शब्द. आधी घरातला वाद मिटवते : दोन्ही तट चूक आहेत.

रक्तात उतरणारा कर्करोग म्हणजे ल्युकेमिया, तो वेगळा आजार. फुफ्फुसाच्या गाठीमुळे न्यूट्रोफिल वाढले म्हणजे ल्युकेमिया झाला असं होत नाही. आणि 'काउंट जास्त म्हणजे लढाई जोरात' हेही खरं नाही. सीबीसीत दिसतात त्या रस्त्यावरून जाणाऱ्या पेशी. गाठीच्या आत काय चाललंय ते रक्ताच्या नळीत दिसत नाही.

निरोगी माणसाचा काउंट साधारण ४,००० ते ११,००० असतो आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज न्यूट्रोफिल तयार करते. थोडी चालना मिळाली की हा आकडा झटक्यात वर जातो. कर्करोगात ही चालना बऱ्याचदा गाठच देते. काही गाठी जी-सीएसएफ नावाचा पदार्थ सोडतात. केमोनंतर काउंट पडला की जे इंजेक्शन देतात, तेच हे द्रव्य. म्हणजे इथे मज्जेला हुकूम शरीराचा नाही, गाठीचा असतो.

पण त्याआधी एक साधा प्रश्न : मावशींना सध्या स्टेरॉइड चालू आहे का?

जुईली_प
हो! दम लागत होता म्हणून गोळ्या दिल्यात. त्याचा काही संबंध?

काचपट्टी
आहे, आणि चांगलाच. बरेचसे न्यूट्रोफिल एरवी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात. ते मोजणीत येत नाहीत. स्टेरॉइडने ते सुटून प्रवाहात येतात, मज्जेतूनही जास्त बाहेर पडतात, आणि लिम्फोसाइटचा आकडा उतरतो. तुमच्या रिपोर्टचं चित्र अगदी असंच आहे. डॉक्टर टेन्शन घेऊ नका म्हणाले ते बहुधा याचमुळे. गाठीचाही हातभार असू शकतो, पण स्टेरॉइड चालू असताना दोन्ही वेगळं काढणं अवघड.

आता बायोप्सीतली ती ओळ. खरी गोष्ट तिथे आहे. रात्री सविस्तर लिहिते.

तिरपागडा
मामेभावाचं म्हणणं इतकंही चूक नाही हो. प्रतिकारशक्ती कमी झाली की कर्करोग होतो हे सगळेच सांगतात. मग ती वाढवली तर फायदाच ना? प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्या-पावडरी सुरू करायला काय हरकत आहे?

काचपट्टी
तिरपागडा, तुमच्या प्रश्नाकडे येतेच. आधी जुईलीचं.

गाठीतून घेतलेला तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कर्करोगाच्या पेशी मोठ्या, बेढब, वेगवेगळ्या आकाराच्या केंद्रकांच्या दिसतात. त्यांच्या आसपास गडद निळ्या ठिपक्यांसारख्या छोट्या गोल पेशी असतात, त्या लिम्फोसाइट. मला दिसणारी चित्रं ढोबळमानाने तीन तऱ्हेची. एकात हे ठिपके थेट गाठीत घुसून कर्करोगाच्या पेशींच्या मधेमधे बसलेले असतात. दुसऱ्यात ते गाठीच्या कडेला, तंतुमय भागात अडकून पडलेले असतात, आत जाता आलेलं नसतं. तिसऱ्यात जवळपास नसतातच. सरासरीने पाहिलं तर पहिलं चित्र असलेल्या रुग्णांचं बरं चालतं. मावशींच्या रिपोर्टचा अर्थ दुसऱ्या चित्राकडे झुकतो, पण बायोप्सीचा तुकडा सुतळीएवढा असतो. त्यावरून अख्ख्या गाठीचा निवाडा करू नये.

तिथपर्यंत हे ठिपके पोचतात कसे? मरणाऱ्या कर्करोगाच्या पेशींचे तुकडे डेंड्रिटिक पेशी उचलतात आणि जवळच्या लसीकाग्रंथीत नेऊन टी-पेशींना (लिम्फोसाइटचाच एक प्रकार) दाखवतात. ज्या टी-पेशीला तो तुकडा ओळखता येतो ती फुगते, विभागते, तिच्या हजारो प्रती निघतात आणि रक्तातून गाठीकडे येतात. मारेकरी टी-पेशी समोरच्या पेशीला चिकटून परफोरिन नावाच्या प्रथिनाने भोकं पाडते आणि ग्रँझाइम नावाची विकरं आत सोडते. ती पेशी आतून स्वतःला संपवते.

ओळखायचं कसं, तर आपल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाचे रेणू असतात आणि ते आतल्या प्रथिनांचे तुकडे बाहेर धरून ठेवतात. घराबाहेरच्या दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवरून आत कोण राहतं याचा अंदाज येतो, तसं. कर्करोगाच्या पेशीत जनुकं बिघडलेली असतात, त्यामुळे दोरीवर अनोळखी कपडा दिसतो. सिगरेट ओढणाऱ्यांच्या गाठीत असे बिघाड खूप जास्त असतात, म्हणून ओळखायलाही बरंच काही असतं.

अनुस्वार
दोरीवरून कपडेच काढून घेतले तर? म्हणजे कर्करोगाच्या पेशीने काही दाखवलंच नाही तर?

काचपट्टी
नेमकं तेच करते ती. २०१७ साली ट्रेसर-एक्स या ब्रिटिश प्रकल्पातल्या संशोधकांनी दाखवलं की नॉन-स्मॉल सेल प्रकारच्या (ॲडेनोकार्सिनोमा यातच येतो) सुमारे ४० टक्के गाठींमध्ये एचएलएच्या जनुकाची एक प्रतच हरवलेली असते. जे कपडे घात करतात तेवढेच नाहीसे.

सगळी दोरी रिकामी केली तर मात्र दुसरी पेशी संशय घेते, नॅचरल किलर. तिला रिकामी दोरीच खटकते. हा विचार स्वीडनच्या क्लास कारे यांनी १९८० च्या दशकात मांडला. पण फुफ्फुसाच्या गाठीत नॅचरल किलर पेशी बऱ्याचदा थोड्या आणि मरगळलेल्या सापडतात, त्यामुळे त्यांच्या एकट्याच्या जोरावर फार भागत नाही.

खडूस_काका
माहितीपूर्ण. पण मॅक्रोफेजबद्दल कोणी बोलतच नाहीये. फुफ्फुसात पहिला मान त्यांचा. धूळ, धूर, काजळी गिळून साफसफाई करणाऱ्या पेशी त्या. मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचो तेव्हा मेचनिकॉफची गोष्ट हमखास सांगायचो. १८८२ साली मेसिनाला त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या पाहिल्या. १९०८ चं नोबेल त्याला आणि पॉल एर्लिखला मिळून.

काचपट्टी
काका, बरोबर. फुफ्फुसाच्या जवळपास प्रत्येक स्लाइडवर काजळीचे काळे कण पोटात घेऊन बसलेले मॅक्रोफेज दिसतात, न ओढणाऱ्यांच्याही.

पण याच साफसफाईवाल्यांची दुसरी बाजू आहे आणि तीच या धाग्यात सर्वांत महत्त्वाची वाटते मला. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनात हवेतल्या पीएम २.५ या अतिसूक्ष्म प्रदूषण-कणांचा आणि न ओढणाऱ्यांना होणाऱ्या ॲडेनोकार्सिनोमाचा संबंध तपासला होता. ईजीएफआर जनुकात बिघाड असलेल्या थोड्या पेशी निरोगी दिसणाऱ्या फुफ्फुसातही असू शकतात. त्या नुसत्या पडून असतात. उंदरांवरच्या प्रयोगात असं दिसलं की कण आत गेले की मॅक्रोफेज इंटरल्युकिन-१ बीटा हे दाह भडकवणारं द्रव्य सोडतात आणि त्या दाहाने या निपचित पेशींना वाढीचा रस्ता मोकळा होतो. कणाने नवा बिघाड केलाच पाहिजे असं नाही. आपल्याच पांढऱ्या पेशींची प्रतिक्रिया पुरते.

याला आधीचा दुजोराही होता. २०१७ ला हृदयविकाराच्या १०,००० हून जास्त रुग्णांवर केलेल्या कॅनाकिनुमॅब या औषधाच्या चाचणीचे निकाल आले. औषध हेच इंटरल्युकिन अडवतं. बघायचा होता हृदयविकार, पण औषध घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कर्करोग लक्षणीय कमी आढळला. मग सगळे उत्साहात, आणि एकदा झालेल्या कर्करोगावर तेच औषध देऊन पाहिलं तर चाचण्या फसल्या. गाठ सुरू होताना जे चालतं ते गाठ मोठी झाल्यावर चालेलच असं नाही.

न्यूट्रोफिलचंही तसंच. ते जंतू पकडायला स्वतःच्या डीएनएची जाळी फेकतात. उंदरांच्या फुफ्फुसात सुप्त पडलेल्या कर्करोगाच्या पेशी (त्या मुळात स्तनाच्या कर्करोगाच्या होत्या) तंबाखूच्या धुराने आलेल्या दाहात याच जाळ्यांमुळे जाग्या झाल्या, हे २०१८ मध्ये दाखवलं गेलं.

तेव्हा तिरपागडा, तुमचं उत्तर इथे आहे. 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणताना कुणाची वाढवायची? टी-पेशींची, की गाठीला खतपाणी घालणाऱ्या मॅक्रोफेज-न्यूट्रोफिलची? की नियामक टी-पेशींची, ज्यांचं कामच इतर टी-पेशींना आवरणं हे आहे? या नियामक पेशींवरच्या संशोधनाचा शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये पाया घातला आणि २०२५ चं नोबेल त्यांना आणि आणखी दोघांना मिळालं. गाठ त्यांना आपल्याकडे ओढून घेते आणि त्यांच्या आड बसते. डब्यावर 'इम्युनिटी' छापलेल्या पावडरीला यातलं काही निवडता येत नाही. उलट काही पूरकं यकृतावर ताण आणतात आणि मग औषधामुळे झालं की पुडीमुळे, हे डॉक्टरांना कळेनासं होतं.

तिरपागडा
बरं बाई. पण मग इम्युनोथेरपी म्हणजे काय? तीही प्रतिकारशक्ती वाढवणंच ना? की महागडं औषध असलं की चालतं?

सांजवेळ
मी सांगू का, अनुभव आहे म्हणून. माझ्या नवऱ्याला पेम्ब्रोलिझुमॅब चालू होतं. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून अर्धा तास. केमोसारखे केस गेले नाहीत, उलट्या नाहीत. मला आधी वाटायचं ही ताकदीची सलाइन आहे. एका नर्सने समजावलं की हे औषध कर्करोगाला हातही लावत नाही, टी-पेशीवरचा ब्रेक सोडतं.

चार-पाच डोस झाल्यावर त्याला कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप सुरू झाली. आम्ही जिथे दाखवलं तिथे आधी साधा संसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं, आठवडा गेला. मग सीटी काढला तेव्हा कळलं, न्यूमोनायटिस. ब्रेक सुटलेल्या पेशी फुफ्फुसावरच उठल्या होत्या. स्टेरॉइड बराच काळ चाललं, इम्युनोथेरपी थांबली. थायरॉइडही कायमचं मंद झालं, रोज गोळी लागते. गाठ मात्र आजतागायत आटोक्यात आहे.

जुईली, हे औषध सुरू झालं तर नवीन खोकला, जुलाब, प्रचंड थकवा, काहीही असो, त्याच दिवशी कळवायचं. आणि दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तर पहिलं वाक्य हेच : पेशंट इम्युनोथेरपीवर आहे. संपल्यावर कित्येक महिन्यांनीही.

काचपट्टी
सांजवेळ, फार मोलाचा प्रतिसाद. शेवटची ओळ सगळ्यांनी लिहून ठेवावी.

ब्रेकचं थोडं सांगते. टी-पेशीवर पीडी-१ नावाचा रेणू असतो. तासुकु होंजो यांच्या गटाने तो १९९२ मध्ये शोधला. दुसरा ब्रेक सीटीएलए-४, तो सोडवून कर्करोगावर वापरता येईल हे जेम्स ॲलिसन यांनी दाखवलं. दोघांना २०१८ चं नोबेल. हे ब्रेक वाईट नाहीत. ते नसते तर प्रत्येक सर्दीनंतर टी-पेशींनी आपलेच अवयव सोलून काढले असते. कर्करोग फक्त त्यांचा गैरफायदा घेतो : पृष्ठभागावर पीडी-१ ला जोडला जाणारा पीडी-एल१ हा रेणू मिरवतो आणि जवळ आलेली टी-पेशी थंड पडते. औषध हा स्पर्श होऊ देत नाही. म्हणजे नवं बळ आत घातलं जात नाही. मुळात ओळख पटलेली टी-पेशी तिथे असावी लागते, नाहीतर ब्रेक सोडून हलणार कोण?

म्हणून सगळ्यांना लागू पडत नाही. कर्करोगाच्या ५० टक्के किंवा जास्त पेशींवर पीडी-एल१ असलेल्या रुग्णांवर पेम्ब्रोलिझुमॅब आणि केमो यांची तुलना झाली, त्यात पाच वर्षांनी पहिल्या गटातले जवळपास ३२ टक्के हयात होते, दुसऱ्यातले १६ टक्के. दुप्पट, हे खरंच मोठं आहे. पण निवडलेल्या रुग्णांतही दोन तृतीयांश राहिले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे.

जाता जाता कामातली एक गंमत. पीडी-एल१ ची चाचणी मीच वाचते. पॉझिटिव्ह पेशीच्या कडेला तपकिरी रंग येतो. किमान १०० कर्करोगाच्या पेशी मोजायला मिळाव्या लागतात. त्यात मॅक्रोफेजही तपकिरी रंगतात. त्यांना चुकून कर्करोगात धरलं तर टक्का फुगतो. त्यामुळे सीमारेषेवरचा आकडा असला की दोघी-तिघी मिळून बघतो.

अनुस्वार
अवांतर : वर डेंड्रिटिक पेशींचा उल्लेख आला म्हणून. त्या शोधणारे राल्फ स्टाइनमन यांना स्वतःला स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता. स्वतःच्याच डेंड्रिटिक पेशींवर बेतलेले प्रयोगातले उपचार त्यांनी घेतले. ३० सप्टेंबर २०११ ला गेले आणि ३ ऑक्टोबरला त्यांचं नोबेल जाहीर झालं. मरणोत्तर नोबेल देत नाहीत, पण समितीला ते गेल्याचं ठाऊक नव्हतं म्हणून कायम ठेवलं.

खडूस_काका
अवांतर असलं तरी चालेल असलं.
एक शंका. एवढा वेळ टी-पेशींचंच चाललंय. बी-पेशी आणि अँटिबॉडी काहीच करत नाहीत का?

काचपट्टी
करतात. काही गाठींच्या आत बी आणि टी-पेशी मिळून छोटी लसीकाग्रंथीच उभी करतात. अशी रचना दिसली की सहसा पुढचं चित्र बरं असतं.

आणि एक चमत्कारिक प्रकार स्मॉल सेल या फुफ्फुसाच्या दुसऱ्या प्रकारच्या कर्करोगात. त्या पेशींवर मज्जातंतूंवर असतात तसले कॅल्शियम चॅनल असतात. शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं, आणि त्या अँटिबॉडी गाठीबरोबर मज्जातंतू-स्नायूंच्या सांध्यांवरही बसतात. रुग्णाच्या मांड्यांतली ताकद जाते, खुर्चीतून उठता येत नाही, तोंड कोरडं पडतं. लॅम्बर्ट-ईटन म्हणतात त्याला. अशा रुग्णांपैकी निम्म्यांच्या आसपास लोकांत स्मॉल सेल सापडतो, आणि बऱ्याचदा गाठ स्कॅनवर दिसण्याआधी पायच बोलतात. म्हणजे प्रतिकारसंस्थेने गाठ डॉक्टरांच्या आधी पकडलेली असते. पकडून उपयोग काय, चालता येईनासं झालं!

रानवारा
बाप रे. हा धागा निवडक दहात.

जुईली_प
सगळ्यांचे मनापासून आभार. आज पीडी-एल१ चा रिपोर्ट आला : ६० टक्के. वर वाचलं त्यावरून आम्ही खूश झालो, भाऊ तर म्हणाला उद्याच सलाइन लावू. पण डॉक्टर म्हणाले ईजीएफआर आणि एएलके या जनुकांचा रिपोर्ट आल्याशिवाय इम्युनोथेरपी सुरू करणार नाही, आठवडाभर थांबा. एवढा वेळ वाया घालवायचा का? आणि स्टेरॉइडही हळूहळू कमी करायला सांगितलंय.

काचपट्टी
थांबा. डॉक्टर योग्यच करताहेत. न ओढणाऱ्या बाईत ॲडेनोकार्सिनोमा असेल तर ईजीएफआरचा बिघाड असण्याची शक्यता बरीच असते. तो असेल तर पीडी-एल१ ६० टक्के असूनही हे ब्रेक सोडणारं औषध सहसा निराश करतं. अशा गाठीत अनोळखी प्रथिनं कमी आणि कामाच्या टी-पेशीही कमी असतात. त्यासाठी ईजीएफआरवरच्या गोळ्या आहेत, त्यांचा गुण चांगला येतो. दुसरं म्हणजे आधी इम्युनोथेरपी देऊन लगेच ऑसिमर्टिनिबसारखी ईजीएफआरवरची गोळी दिली तर फुफ्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो. पीडी-१ वरचं औषध शरीरातून लवकर जात नाही, एकदा दिलं की परत घेता येत नाही. त्या मानाने एक आठवडा स्वस्त आहे.

स्टेरॉइडचं कारणही तेच : इम्युनोथेरपी द्यायची वेळ आलीच तर सुरुवातीला टी-पेशी दबलेल्या नकोत. पण गोळ्या सांगितल्या तशाच उतरवा, एकदम बंद करू नका. डोस कमी झाल्यावर सीबीसी पुन्हा होईल तेव्हा काउंट बघा. १९,४०० चा बराचसा भाग तिथेच उतरेल असा माझा अंदाज आहे. नाही उतरला तर तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा.

जुईली_प
ठीक. थांबतो आम्ही. रिपोर्ट आला की इथेच लिहीन.

तिरपागडा
लिहा नक्की. आणि ती पावडर मी परत केली.